कोरायची वेळ माती सांगते: घरातल्या अवजारांनी भांड्यावर नक्षी

मातीच्या भांड्यावर नक्षी कोरायला शिकायचं म्हणून माझ्याकडे जे येतात, त्यांचा पहिला प्रश्न हत्यारांचा असतो. कुठला सेट घ्यावा, ऑनलाइन मागवावा का, लूप, म्हणजे कोरायच्या हत्याराचा तारेचा फासा, किती मिलिमीटरचा हवा. मी सगळ्यांना एकच सांगते: सध्या काही विकत घेऊ नका, घरातला खण उपसा. कोरीवकाम हत्यारामुळे क्वचितच बिघडतं. ते बिघडतं भलत्या वेळी हात लावल्यामुळे. माती ओली असेल तर उत्तम पोलादी हत्यारही चिखलच उकरतं, आणि ओल नेमकी असली की विणायच्या सुईनंसुद्धा देखणी रेघ उमटते.

मी कोथरूडला घराच्या गॅलरीत काम करते. चाक नाही, सगळी भांडी हातानं थापलेली किंवा लाटून जोडलेली. खाली जे सांगितलंय ते एक साधा पेला डोळ्यासमोर ठेवून. कुंडी, वाडगा, फुलदाणी, कशालाही तेच लागू पडतं.

माती आणि जाडी

माती बारीक हवी. केशवनगर-मुंढव्याच्या कुंभारांकडची लाल माती घेतलीत तर ती पातळ करून चाळणीतून गाळून घ्या. खडा राहिला की हत्यार नेमकं त्याच्यावर अडतं आणि तो खडा रेघेतून फरफटत जातो. पॉटरी स्टुडिओत पिशवीतून मिळणारी स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती, घेणार असाल तर भरड दाण्यांची नको. आणि नुसता हात बसवायचा असेल तर शाडूची माती झकास. गणपतीच्या दिवसांत ती कुठेही मिळते. भाजायची मात्र नाही. कोरा, मोडा, भिजवा, पुन्हा कोरा.

जाडीकडे लोक लक्षच देत नाहीत. रोजच्या पेल्याची भिंत पाच-सहा मिलिमीटरची असते. त्यात तीन मिलिमीटर खोल खाच मारली तर उरलं काय? कोरायचं भांडं मुद्दाम जाड करायचं, आठ ते दहा मिलिमीटर. मी लाटताना दोन बाजूंना आठ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवते आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवते, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. मग ती पोळी वर्तमानपत्र गुंडाळलेल्या पीव्हीसी पाइपभोवती गुंडाळायची, सांधा दोन्ही बाजूंनी ओरखडून चिखलानं चिकटवायचा, पाइप लगेच काढून घ्यायचा आणि बूड लावायचं. जाडीबद्दल शंका आली तर सुई आरपार घालून बघा. ते भोक बोटानं बुजतं.

ओल ओळखणं

हा भाग घाईत वाचू नका.

थापलेली माती आधी लिबलिबीत असते, मग ती आकार धरते, मग घट्ट पण गार अशा अवस्थेला येते आणि शेवटी हाडासारखी कोरडी होते. कोरायचं ते तिसऱ्या अवस्थेत. स्टुडिओत तिला लेदर-हार्ड म्हणतात. ही अवस्था ओळखायला मी चार गोष्टी बघते. भांडं दोन्ही हातांनी उचललं तर दबत नाही. गालाला लावलं तर गार लागतं. नखानं दाबलं तर खूण उठते, पण नख आत रुतत नाही. आणि सर्वांत भरवशाची चौथी: बुडाजवळ, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, एक छोटी रेघ ओढून बघायची. सोलाण्यानं काकडीची साल सुटावी तशी सलग, किंचित वळत जाणारी माती निघाली तर कामाला बसा. माती हत्याराला चिकटून गोळा झाली तर थांबा. भुगा पडला तर उशीर झालाय.

त्यातही नक्षीप्रमाणे फरक करावा लागतो. ठसे आणि सुतळीची छाप यांना जरा मऊ माती लागते, नाहीतर दाबताना भिंतीला तडा जातो. खोल खाचा आणि पैलू यांना मधली ओल हवी. अगदी बारीक रेघांचं काम, सुईनं करायचं, ते माती किंचित जास्त घट्ट झाल्यावर नितळ होतं.

ही वेळ घड्याळावर ठरत नाही. पुण्यात एप्रिल-मे महिन्यात सकाळी केलेला पेला दुपारच्या जेवणापर्यंत हातचा जाऊ शकतो, आणि जुलैच्या झडीत तोच पेला दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही ओलाच असतो. उन्हाळ्यात पंख्याखाली भांडं ठेवूच नका. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत सैल झाकून सावलीत ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. काठ नेहमी आधी सुकतो आणि बूड शेवटी. म्हणून काठाला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळायची, आणि काठ वजन पेलण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घालायचं. पावसाळ्यात उलट: पिशवी काढायची, खाली वर्तमानपत्राच्या घड्या ठेवायच्या आणि त्या बदलत राहायच्या.

थोडंसं जास्त सुकलं असेल तर भांडं ओल्या कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी सुधारलेलं असतं. पांढुरकं पडून पूर्ण वाळलेलं असेल तर हट्ट करू नका. वरून पाणी मारलं की वरचा थर फुगतो, आतला तसाच राहतो आणि भांडं तडकतं. ते फोडून भिजत घाला, माती वाया जात नाही.

अवजारं

माझं सर्वांत आवडतं हत्यार जुन्या काळ्या छत्रीच्या काडीचं आहे. लांब दांड्याच्या छत्रीची पोलादी काडी नीट बघा, ती पन्हाळीसारखी पोकळ असते. म्हणजे तयार गोलची, गोल धारेची पटाशीच! दहा-बारा सेंटिमीटरचा तुकडा हॅकसॉनं कापायचा, टोक कानशीनं तिरकं घासायचं आणि धार येईपर्यंत पॉलिश पेपरवर ओढायचं. दुसरं टोक बांबूच्या कांडीत एम-सीलनं बसवलं की मूठ तयार. गोल बुडाची, सारख्या रुंदीची खाच ही काडी एका ओढीत काढते. पावसाळ्याच्या तोंडावर छत्री दुरुस्तीवाले बसतात, त्यांच्याकडे मोडक्या काड्या ढिगानं असतात.

हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी उपयोगी. दात्यांनी खरवडलं की खरखरीत पोत मिळतो आणि पाठीची बाजू घासून धार लावली की सुरी. उवांची फणी दाट समांतर रेघांसाठी. साध्या कंगव्याचा एक आड एक दात मोडला की विरळ रेघा. संपलेल्या रिफिलचं मागचं टोक नेटकं बारीक वर्तुळ उमटवतं. दाभण, विणायची सुई, आइस्क्रीमची काडी, जुनं एटीएम कार्ड, सगळं चालतं. बांबूची तासलेली काडी तर प्रत्येकाकडे असावीच, कारण ती माती कापताना कड दाबत पण जाते आणि रेघ मऊ येते.

आणि शंकरपाळ्याचं कातणं. दिवाळीनंतर वर्षभर डब्यात पडून असतं ते. मऊसर मातीवर पट्टीच्या आधारानं फिरवलं की नागमोडी किनार एका फेरीत. मातीला वापरलेलं कातणं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढं पथ्य पाळा.

आखणी

गोल भांड्याचे समान भाग डोळ्यांनी होत नाहीत. कागदाची पट्टी भांड्याभोवती गुंडाळून जिथे टोक टेकतं तिथे कापा. मग घडी घाला: तीन घड्यांत आठ भाग, चार घड्यांत सोळा. पट्टी पुन्हा गुंडाळून घडीच्या रेषांवर मऊ पेन्सिलीनं खुणा करा. पेन्सिल भट्टीत जळून जाते. आडव्या रेषांसाठी पेन्सिल पुस्तकांच्या थप्पीवर आडवी ठेवून घट्ट धरायची आणि भांडं फिरवायचं.

काठाखाली दीड सेंटिमीटर जागा कोरी सोडा. तिथे ओठ टेकणार आहे. बुडाजवळही बोटभर पट्टी कोरी हवी, ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप) ओघळलं तर थांबायला जागा राहते. आतून कोरूच नका, खाचांत अन्न अडकतं आणि घासून निघत नाही. माझं तर मत असं की अर्ध्याहून जास्त भांडं भरूच नये. नक्षीशेजारी सपाट जागा असेल तरच सावली उठून दिसते, आणि कोरीवकाम म्हणजे शेवटी सावलीच.

प्रत्यक्ष कोरणं

टेबलावर ओला टॉवेल घडी घालून ठेवा, भांडं त्याच्यात आडवं निजवा. डावा हात आत, कोरायच्या जागेच्या बरोबर मागे. हत्यार भांड्याला जवळजवळ आडवं धरायचं, फार तर तीस अंशांचा कोन, आणि स्वतःकडे ओढायचं. उभं धरलं की ते खणत जातं. वळणदार रेघ असेल तर हात तसाच ठेवून भांडं फिरवा.

एका दमात खोल जायचं नाही. पहिल्यांदा नुसती रेघ, दुसऱ्यांदा खोली, तिसऱ्यांदा सफाई. एक खाच पूर्ण करून दुसरीकडे जाण्यापेक्षा सगळ्या खाचांचा पहिला हात आधी फिरवा. त्यामुळे अंतर चुकलं तर वेळीच सावरता येतं, शिवाय सगळीकडची ओल सारखी राहते.

रेघेच्या दोन्ही कडांना मातीची बारीक कूस उभी राहते. ती बोटानं पुसायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि पुसली की ती खाचेत जाऊन बसते. तशीच राहू द्या. काही तासांनी माती आणखी घट्ट झाली की ताठ केसांच्या रंगाच्या ब्रशनं झटका, टपाटप पडते. मग ओलसर स्पंज एकदाच हलका फिरवा. पूर्ण वाळल्यावर सँडपेपरनं घासण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठते. भुगा फुंकायचा नाही, झाडूनं लोटायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायचा. ते फडकं बादलीत पिळा, सिंकमध्ये नाही, नाहीतर प्लंबरला बोलवावं लागेल.

खाचेचं बूड गोल ठेवा. टोकदार, व्ही-आकाराच्या खाचेत वाळताना सगळा ताण तळाच्या एका रेघेवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. व्ही आकार हवाच असेल तर शेवटी विणायच्या सुईचं बोथट टोक तळातून फिरवा.

नक्षी कुठून घ्यायची

उभ्या गोल खाचा, वरच्या कोऱ्या पट्टीपासून खालच्या कोऱ्या पट्टीपर्यंत, सोळा किंवा बत्तीस. सुरुवात यानंच करा. सगळ्यांत साधी, आणि पकडीला इतकी छान लागते की मी अजूनही दर थोड्या दिवसांनी हीच करते. नंतर पैलू: पातळ तार ताणून किंवा धारदार पट्टीनं भांड्याची बाजू वरून खाली एका झटक्यात कापायची. मधेच थांबलात की पायरी पडते.

जात्याला टाकी लावलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो पोत आठवेल, छोट्या छोट्या तिरक्या टिचक्या, ओळीनं. छत्रीच्या काडीचं टोक टेकवून लगेच वर उचललं की तशी टिचकी पडते. एक ओळ उजवीकडे झुकलेली, पुढची डावीकडे. ठिपक्यांच्या रांगोळीची जाळी आखून घेतली तर चांदण्या, गोपद्मं, कमळं सगळं बसवता येतं. अंगण सारवताना बोटांचे अर्धगोल उठतात, ते तर थेट उचला: भांड्यावर दाट स्लिपचा, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीचा, थर द्या आणि तो ओला असतानाच चार बोटं फिरवा.

सुतळीची छापही करून बघा. पेन्सिलीवर सुतळी घट्ट गुंडाळायची आणि मऊसर मातीवर दाबून लाटायची. जपानमधल्या जोमोन काळातल्या भांड्यांवर असेच दोरीचे ठसे आहेत, आणि त्यातली सर्वांत जुनी भांडी दहा हजार वर्षांहून जुनी आहेत.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर शिरूरजवळचं इनामगाव, ताम्रपाषाणयुगातली वस्ती. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तिथली जोर्वे भांडी प्रसिद्ध आहेत ती लाल अंगावरच्या काळ्या रंगकामासाठी. पण मला ओढ आहे ती हातानं घडवलेल्या, धान्य साठवायच्या जाड रांजणांची. त्यांच्यावर मातीची पट्टी चिकटवून बोटांनी दाबत नेलेली दिसते. हे तुम्हीही करा. करंगळीएवढी वळी लाटा, भांडं ओरखडून स्लिप लावून तिथे चिकटवा आणि अंगठ्यानं सारख्या अंतरावर दाबत जा. दाबण्यानं नक्षीही होते आणि सांधाही पक्का बसतो.

दोन रंगांत काम करायचं असेल तर लाल भांड्यावर पांढऱ्या मातीची स्लिप, ताज्या सायीएवढी दाट, दोन-तीन हात, प्रत्येक हात आधीच्या हाताची चकाकी गेल्यावर. शेवटची चकाकी गेली की दाभणानं खरवडायचं, खालची लाल माती वर येते. दोन्ही माती सारख्या आक्रसत नसतील तर पापुद्रे सुटतात, म्हणून आधी एका तुकड्यावर भाजून बघा. पांढऱ्या भांड्यावर उलटं करता येतं: त्याच मातीच्या स्लिपमध्ये पाच ते दहा टक्के रेड आयर्न ऑक्साइड घातलं की तपकिरी येतो. काळ्यासाठी मँगनीज सुचवतात, मी घरात आणत नाही. त्याची पूड आणि धूर दोन्ही अपायकारक.

उत्तर प्रदेशात आझमगडजवळच्या निजामाबादला कुंभार भाजण्याआधी काडीनं नक्षी ओरखडतात, धुरात भाजून भांडं काळं करतात आणि मग त्या ओरखड्यांत रुपेरी पूड भरतात. २०१५ मध्ये त्या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. काळ्यावर ती केसाएवढी रेघ अशी लखलखते की खोल कोरायची गरजच उरत नाही.

वाळवणं, भाजणं

कोरलेलं भांडं साध्या भांड्यापेक्षा हळू वाळवा. खाचेजवळ भिंत पातळ, शेजारी जाड, दोन्ही वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात. पहिले दोन दिवस पिशवीत, मग पिशवीचं तोंड उघडून, मग मोकळं. पूर्ण वाळल्याची खूण म्हणजे गालाला गार न लागणं.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण ९५० ते १००० अंश सेल्सियसला. सुरुवात अगदी संथ हवी, कारण उरलेलं पाणी शंभर अंशांना वाफ होतं आणि जाड भिंतीतून ती एकदम निघाली की भांडं फुटतं. स्टुडिओच्या भट्टीत देत असाल तर मातीचा प्रकार बुडावरच कोरून ठेवा आणि तोंडीही सांगा. लाल माती चुकून स्टोनवेअरच्या १२०० अंशांच्या वर गेली तर फुगते, वितळते आणि शेजारच्या भांड्यांसकट भट्टीची फरशी खराब करते.

ग्लेझ निवडताना पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक घ्या. ते खाचेत साचून गडद होतं आणि कडेवर पातळ राहून फिकं दिसतं. चीनमधल्या लाँगच्वानच्या हिरव्या सेलाडॉन भांड्यांवरच्या कोरीव कमळपाकळ्या एवढ्या उठून दिसतात त्या याच कारणानं. दाट अपारदर्शक पांढरं ग्लेझ दिलंत तर सगळी मेहनत त्याच्याखाली बुजते. ग्लेझ नकोच असेल तर बिस्क भांड्यावर रेड आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशनं लावा आणि वरचं ओल्या स्पंजनं पुसून घ्या. पूड खाचांतच राहते, दुसऱ्या भाजणीत पक्की होते.

भट्टीतून आलेल्या भांड्यावरून बोट फिरवण्याआधी डोळ्यांनी नीट तपासा. राहून गेलेली एखादी कूस ग्लेझ होऊन काचेसारखी धारदार झालेली असते. अशा जागा पाण्याखाली धरून चारशे नंबरच्या वॉटर पेपरनं घासून घ्या. वापरताना खाचा धुवायला जुना टूथब्रश ठेवा, आणि ग्लेझ न केलेल्या लाल मातीच्या भांड्याला साबण लावू नका, ती तो पिऊन घेते.